लोलोंकडे सुट्टे नसतात

मनिलात राहायला गेलो त्या पहिल्याच आठवड्यात मला दोन गोष्टी कळल्या. पहिली, ज्या सांपालोक भागात मी खोली घेतली त्या नावाचा अर्थ चिंच. म्हणजे चिंचपोकळीतून निघालो, समुद्र ओलांडला आणि पुन्हा चिंचेखालीच येऊन पडलो. दुसरी गोष्ट, मी सावकार आहे.

ही दुसरी गोष्ट मला घरमालकांकडून कळली. खोलीची किल्ली देता देता त्यांनी विचारलं, "बुंबाय?"

परक्या मुलखात आपल्या गावाचं नाव ऐकून माझा ऊर भरून आला. म्हटलं, "हो हो, बुंबायच!"

त्यांनी मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं आणि हळूच विचारलं, "फाइव्ह-सिक्स?"

मला वाटलं, उंची विचारताहेत. मी पाठ ताठ करून म्हटलं, "अगदी बरोबर. फाइव्ह-सिक्स."

दुसऱ्या दिवशीपासून गल्लीतली माणसं मला बघून रस्ता बदलायला लागली आणि पोरं आईच्या झग्यामागे दडायला लागली. पुढे उलगडा झाला. फिलिपिन्समध्ये कुठल्याही भारतीयाला बुंबाय म्हणतात, मग तो आयुष्यात मुंबईला गेलेला नसला तरी चालतं. या बुंबायांपैकी बरेच पंजाबी. त्यांचा धंदा दारोदार फटफटीवर फिरून कर्जाऊ पैसे देण्याचा. पाच घ्या, सहा परत करा. यालाच म्हणतात फाइव्ह-सिक्स. पोरं ऐकेनाशी झाली की आया सांगतात, बुंबाय येऊन पोत्यात घालून नेईल. आमच्या सात पिढ्यांत कुणी सावकारी केली नव्हती. केली ती सावकाराची फेड. पण हे टागालोगमध्ये सांगण्याइतकी भाषा येईपर्यंत माझी कीर्ती चौकापर्यंत पोचली होती.

मला न घाबरणारा गल्लीत एकच माणूस होता. हे घरमालक. लोलो म्हणजे आजोबा. सगळी गल्ली त्यांना लोलो म्हणायची, मीही म्हणायला लागलो. ते मला 'आनाक', म्हणजे बाळा, म्हणायचे. आमच्या दोघांच्या नात्याचा पाया दुसऱ्याच दिवशी सकाळी घातला गेला. लोलो फाटकाशी उभे होते. म्हणाले, "आनाक, बार्या आहे?"

बार्या म्हणजे सुट्टे. चिल्लर, मोड, खुर्दा. मी खिशातून काढून दिले. लोलो ते घेऊन निघून गेले. इतिहासात मोठमोठ्या घटना अशाच साधेपणानं सुरू होतात.

लोलोंकडे सुट्टे नव्हते हे म्हणणं तसं धाडसाचंच. त्या माणसाकडे सुट्ट्यांशिवाय दुसरं काहीही नव्हतं. बिस्किटांच्या डब्यांत सुट्टे, खाटेखाली सुट्टे, जुन्या मोज्यांत सुट्टे. पलीकडे वह्यांवर वह्या, त्यांत नोटा. बँकेच्या खिडकीमागे बसून चाळीस वर्षं दुसऱ्यांचे पैसे मोजले होते. पाठीला बाक आला होता तो मोजण्यानं, आणि नजर बारीक झाली होती ती निवडण्यानं. अंगात बनियन, पायात रबरी चपला, गळ्यात दोऱ्याला बांधलेलं भिंग. शेजारच्या बायका गळ्यात क्रूस घालतात, तसं हे भिंग. रविवारी चर्चमध्येही ते काढत नसत. दानाची पिशवी समोर आली की आधी तीत डोकावत.

त्यांचा नियम एकच होता. चालणाऱ्या पैशाची त्यांना किंमत नव्हती. पैसा चलनातून बाद झाला की लोलो त्याचा सत्कार करत. चालू नोट तशी चुरगळून खिशात असायची, पण बाद झालेल्या सेंतिमोला, म्हणजे तिथल्या पैशाला, मखमलीचं आसन मिळायचं. "जोवर धावतोय तोवर तो हमाल," ते म्हणायचे, "धावणं संपलं की मग त्याची गोष्ट सुरू होते." निवृत्त माणसानं हे म्हणावं, हे साहजिकच.

त्यांच्याबरोबर जीपनीतून जाणं हा अनुभव होता. जीपनीत कंडक्टर नसतो. दोन लांब बाकांवर समोरासमोर माणसं कोंबलेली असतात. मागचा प्रवासी "बायाद पो" म्हणून भाडं पुढच्याच्या हातात ठेवतो, तो त्याच्या पुढच्याच्या, असं करत पैसे ड्रायव्हरपर्यंत जातात. उरलेले, म्हणजे सुक्ली, त्याच वाटेनं परत येतात. सगळा कारभार विश्वासावर. म्हणून लोलो नेहमी ड्रायव्हरच्या अगदी मागे बसत. अख्ख्या गाडीचं भाडं त्यांच्या हातातून जायचं, आणि हातातून गेलेलं नाणं भिंगाखालून गेल्याशिवाय पुढे जायचं नाही. मागे दहा माणसं हात पुढे करून थांबलेली, ड्रायव्हर आरशातून डोळे वटारतोय, आणि लोलो नाण्यावरचं साल वाचताहेत. एखादं आवडलं तर ते ठेवून घेत आणि तेवढ्याच किमतीचं दुसरं पुढे सरकवत. ते दुसरं माझ्या खिशातून येई.

गाडीवर दोन पाट्या हमखास असतात. एकीचा अर्थ, सकाळच्या वेळी फक्त सुट्टे द्या. दुसरी म्हणते, 'गॉड नोज हुडास नॉट पे'. भाडं बुडवणारा तो हुडास, म्हणजे येशूला तीस चांदीच्या नाण्यांसाठी विकणारा ज्यूडास, आणि देव बघतो आहे. लोलोंच्या मनात त्या पाटीमुळे एकच प्रश्न यायचा. ती तीस नाणी कुठल्या टाकसाळीची असावीत?

मी तिथे होतो तेव्हा किमान भाडं 13 पिसो होतं. ज्येष्ठांना वीस टक्के सवलत, त्यामुळे लोलोंचा हिशेब सेंतिमोत जायचा. नव्या नाण्यांनी त्यात भर घातली होती. नव्या मालिकेत एक, पाच आणि दहा पिसोची नाणी सगळीच पांढरीफटक. एक आणि पाच यांत तर अंधारात फरकच कळेना. ड्रायव्हरांनी इतका ओरडा केला की 2019 साली पाचाचं नाणं नऊ कोनांचं करावं लागलं. लोलो यावर भलतेच खूश होते. सरकारनं चूक केली की जमवणाऱ्याची दिवाळी. चुकलेलंही ठेवायचं आणि सुधारलेलंही.

रात्री जेवण झालं की वह्या उघडत. नाणी जमवणाऱ्याला इतर देशांत गावोगाव हिंडावं लागतं. लोलोंना फक्त आजीच्या पेटीत हात घालावा लागला होता. त्यांच्या देशात राज्यकर्ते घरबसल्या येत गेले, आणि जो आला त्यानं आपला पैसा बरोबर आणला.

सुरुवात पिलोन्सितोंपासून. स्पॅनिश लोक येण्याआधीचे सोन्याचे मणी, मक्याच्या दाण्याहून लहान. काहींचं वजन एका ग्रॅमच्या दहाव्या भागाइतकं. त्यावर जुन्या लिपीतलं एक अक्षर उमटवलेलं, 'म' सारखं. लोलोंकडे खरा मणी नव्हता, संग्रहालयातला फोटो होता. पण ते फोटोसुद्धा वजनकाट्यावर ठेवल्यासारखा धरत.

मग स्पॅनिश काळ. 1565 ते 1815, अडीचशे वर्षं मेक्सिकोच्या आकापुल्कोहून गलबतं चांदी घेऊन मनिलाला येत आणि चिनी रेशीम घेऊन परत जात. पेसो या शब्दाचा अर्थच वजन. सुरुवातीची नाणी छिन्नीनं तोडलेली, वेडीवाकडी. इथल्या लोकांनी त्यांना नाव दिलं 'हिलिस कालामाय', म्हणजे कालामायच्या वड्या. कालामाय हा तांदळाचा चिकट गोड पदार्थ. राजाचा चेहरा असो, नसो, माणसाला आधी खाणंच आठवतं. पुढे अठराव्या शतकात सुट्ट्यांची टंचाई झाली म्हणून मनिलातच तांब्याची ओबडधोबड नाणी पाडली. त्यांना 'बारिया' म्हणत. तोच आजचा बार्या. "म्हणजे बघ आनाक," लोलो बोट वर करून म्हणत, "सुट्टे नसणं ही माझी खोड नाही. ही परंपरा आहे."

त्यांचं लाडकं नाणं 1828 सालचं. मेक्सिको, पेरू हे देश स्पेनपासून सुटले होते, पण त्यांची चांदी व्यापारानं मनिलात येतच होती. त्या नाण्यांवर स्वातंत्र्याच्या घोषणा! प्रजेनं त्या वाचल्या तर? मग गव्हर्नरनं हुकूम काढला. नाण्यावर राजा फर्डिनांडच्या नावाचा मोठा शिक्का मारायचा, 'मनिला, 1828' असा. घोषणा गाडल्या गेल्या, चांदी चालू राहिली. "स्वातंत्र्य नको होतं," लोलो भिंग पुसत म्हणत, "पण स्वातंत्र्याची चांदी हवी होती." पुढे शिक्का लहान झाला, राजाच्या नावाची नुसती आद्याक्षरं उरली. 1837 मध्ये तेही थांबलं. इतक्या नाण्यांवर ठोकायचं म्हणजे राजभक्तीलाही दम लागतो.

अमेरिकन काळ आला की लोलोंचा आवाज मऊ व्हायचा. 1903 सालचा चांदीचा पिसो. त्यावर ऐरणीशी उभी एक स्त्री, हातात हातोडा, मागे धुमसणारा मायोन ज्वालामुखी. मेलेसिओ फिगेरोआ या फिलिपिनो कलावंताचं काम. नाणी बाजारात आली त्याच वर्षी तो वारला. दोन पिसोला एक डॉलर, असा तेव्हा ठरलेला भाव. लोलो त्या बाईकडे इतका वेळ बघत की आत भांडी आपटायला लागायची.

आत लोला. लोलोंची बायको. तिचं घराच्या दर्शनी भागात सारी-सारीचं दुकान होतं, म्हणजे आपलं वाण्याचं. एक सिगारेट, एक अंडं, शांपूची एक पुडी. तिच्याकडे सुट्टे असत, उधारीची वहीही असे आणि त्या वहीवर नवऱ्याचंही नाव असे. "तिच्या हातात हातोडा आहे म्हणून एवढा आदर," ती आतून म्हणायची. "माझ्या हातात पळी आहे. येऊ का बाहेर?"

युद्धाचं पान उघडताना लोला बाहेर येऊन बसायची. ती गोष्ट दोघांची होती. जपान्यांनी छापलेल्या नोटांना लोक मिकी माउसचे पैसे म्हणत. भाव असे चढले की बाजाराला जाताना नोटा पिशवीत आणि येताना सामान खिशात. लोलोंच्या वडिलांनी 1944 मध्ये रेडा विकला. पोतंभर नोटा मिळाल्या. वर्षभरात नोटांची रद्दी झाली. "पोतं मात्र चांगलं निघालं," लोला म्हणायची, "सासूबाईंनी पुढे सहा वर्षं त्यात तांदूळ भरला." त्याच काळात डोंगरातल्या गनिमी टोळ्या आपापल्या भागात मिळेल त्या कागदावर स्वतःच्या नोटा छापत. जपान्यांना सापडली तर जिवाशी गाठ. तशी एक नोट लोलोंकडे होती. ती दाखवताना ते अजूनही खिडकी लावून घेत.

आणि समुद्रातली चांदी! 1942 मध्ये शत्रू जवळ आला तेव्हा कोरेहिदोर बेटावरून सोनं पाणबुडीतून अमेरिकेला पाठवलं. चांदीचे दीड कोटींहून जास्त पिसो मात्र शेजारच्या उपसागरात बुडवले. पुढे जपान्यांनी पाणबुडे उतरवले, युद्धानंतर अमेरिकनांनी उतरवले. बरीच चांदी निघाली, सगळी नाही. लोलोंना पोहता येत नव्हतं. हे त्यांच्या आयुष्यातलं एकमेव शल्य.

1949 साली देशाची स्वतःची मध्यवर्ती बँक निघाली. लोलोंचा जन्मही त्याच वर्षीचा. "आम्ही दोघं बरोबरीचे," ते म्हणत. "ती नोटा छापते, मी तिच्या चुका काढतो."

चुका हा लोलोंचा प्राण. 1983 च्या पन्नास सेंतिमोवर गरुडाचं शास्त्रीय नाव चुकलं. 'पिथेकोफागा'च्या जागी 'पिथेकोभागा' पडलं. 2005 मध्ये परदेशात छापून आलेल्या शंभरच्या नोटांवर चक्क राष्ट्राध्यक्षांचं नाव चुकलं, आरोयोचं आरोवो झालं. लोलोंना अशी एक नोट लोलाच्या गल्ल्यातच सापडली. त्यांनी ती तिथेच, एका डबीखाली, खूण करून ठेवली. संध्याकाळी बर्फवाला आला, लोलाकडे मोड नव्हती, तिनं डबी उचलली. फिलिपिन्समध्ये माणूस गेल्यावर नऊ दिवस प्रार्थना असते. लोलोंनी नोटेसाठी नऊ दिवस पाळले. दहाव्या दिवशी बर्फवाल्याकडे चौकशी केली. त्यानं ती माशांच्या बाजारात दिली होती. तेव्हापासून लोलो मासे निवडायला स्वतः जातात आणि कोळणीचा गल्ला निवडून येतात.

नाताळात लोलोंचं खरं दर्शन व्हायचं. तिथे धर्मपित्यानं धर्मपुत्राला कोऱ्या नोटा द्यायच्या, त्याला आगिनाल्दो म्हणतात. त्या दिवशी धर्मपिते लपून बसतात, हा तिथला जुना विनोद. लोलो लपत नसत. त्यांना एकोणीस धर्मपुत्र. सगळे रांगेत उभे. लोलो प्रत्येकाला एक कोरी करकरीत नोट देत, पोरगं आनंदानं ती उलगडे, आणि बाहेर येई मिकी माउस. दहा पिसो, जपानी सरकार. सोबत पंधरा मिनिटांचं व्याख्यान. आता ती पोरं मोठी झाली आहेत. लोलो दिसले की तीच लपतात.

नव्या प्लास्टिकच्या नोटांशी त्यांचं वैर. 2022 मध्ये हजाराच्या नोटेवरून युद्धातले तीन हुतात्मे गेले आणि गरुड आला. त्या नोटेला घडी पडली तर काही दुकानदार घेईनात, शेवटी बँकेला खुलासा करावा लागला की घडी चालते. दोन वर्षांनी पाचशे, शंभर आणि पन्नासच्या प्लास्टिक नोटांवरही माणसं हटली, प्राणी-पक्षी बसले. लोलो म्हणाले, "नोटेला वास नाही, घडी नाही, माणूस नाही. गरुड आला तेव्हाच ओळखलं, आता पैसा उडणार."

एका रविवारी ते मला राष्ट्रीय संग्रहालयात घेऊन गेले. भाडं मी दिलं. संग्रहालयात प्रवेश फुकट, तो खर्च त्यांनी उचलला. एका काचेच्या पेटीपुढे उभं करून म्हणाले, "वाच."

तांब्याचा पत्रा, वहीच्या पानाएवढा. 1989 मध्ये लागुना भागात नदीतली वाळू काढताना सापडला. अंतोन पोस्तमा या डच अभ्यासकानं वाचला. देशातला सापडलेला सर्वांत जुना लेख. वर तारीख आहे. शके 822, वैशाख महिना, कृष्ण पक्ष, चतुर्थी, सोमवार.

मी काचेला नाक लावून उभा. आमच्या स्वयंपाकघरातल्या भिंतीवर टांगलेलं कॅलेंडर अकराशे वर्षांपूर्वी इथे येऊन बसलं होतं. म्हटलं, "लोलो, ही तर संकष्टी! या दिवशी आमच्याकडे उपास असतो."

"मजकूर ऐक," ते म्हणाले. "नामवारान नावाच्या माणसाचं कर्ज होतं. एक काती आणि आठ सुवर्ण." सोन्यात हे जवळजवळ 926 ग्रॅम, आपले 80 तोळे. "ते माफ झालं. त्याचं, त्याच्या मुलाबाळांचं, सगळ्यांचं. त्याची ही पावती. कर्ज फिटलं त्या दिवशी उपास कशाला? उपास आधी असतो."

मग ते माझ्याकडे वळले. "देशाचा पहिला कागद बघ, आनाक. राजाचा विजय नाही, देवाचं स्तोत्र नाही. कुणीतरी कुणाचं तरी देणं सोडून दिलं." आणि गप्प उभे राहिले, फार वेळ.

परतताना जीपनीत त्यांनी विचारलं, "माझ्याकडे तुझं किती आहे?"

मी खिशातून वही काढली. पहिल्या सकाळपासूनचं सगळं तारीखवार. एकूण 967 पिसो 25 सेंतिमो. आकडा मोठ्यानं वाचला आणि जीभ चावली. समोरच्या बाकावरच्या बाईनं पोराला जवळ ओढून घेतलं होतं. वही घेऊन फिरणारा भारतीय. मी खरोखरच बुंबाय झालो होतो.

घरी आल्यावर लोलाच्या दुकानातला पुडीचा कागद घेतला आणि देवनागरीत लिहिलं. शके 1947. लोलो यांच्याकडील रुपये-पैसे सर्व येणे सोडले, त्यांचे, त्यांच्या पत्नीचे व एकोणीस धर्मपुत्रांचे. खाली सही. लोलोंनी तो भिंगातून वाचल्यासारखं केलं, अक्षरांची शिरोरेषा दोनदा न्याहाळली आणि वहीत पारदर्शक पाकिटात सरकवला, पिलोन्सितोच्या फोटोच्या आधीच्या पानावर. खाली शिसपेन्सिलीनं नोंद केली: 'बुंबायनं माफ केलेलं कर्ज. एकच नमुना ज्ञात.'

दुसऱ्या दिवशी सकाळी फाटकाशी उभे होते. "आनाक, बार्या आहे?"

मी दिले. संध्याकाळी लोलाला मात्र सांगून ठेवलं की दुसरा नमुना निघणार नाही. एकाचे दोन झाले तर लोलोंच्या संग्रहाची किंमत उतरेल.